रकाना नऊ

सव्वीस वर्षं मी ह्या कॉलेजात माणसांची बेरीज केली.
शोधनिबंध एक, गुण दहा.
लेखक दोन असले तर वाटणी,
भावांनी माडाचं उत्पन्न वाटावं तशी.
चर्चासत्र परदेशात झालं तर गुण वाढीव,
जणू विमानात बसलं की माणूस थोडा जास्त विचार करतो.

मी मोंडकर, आस्थापना विभाग.
टेबलावर फायली, फायलींवर एक शंख,
खाडीवरून वारा सुटला की कागद धरून ठेवणारा.

नाटेकर सरांची फाईल जाड.
एकच निबंध तीन ठिकाणी, तीन मथळ्यांनी,
मागे पैसे भरल्याच्या पावत्या टाचलेल्या.
पावतीला गुण नव्हते, निबंधाला होते.
मी दिले. नियम होता.

आजगावकर बाईंची फाईल
पेजेवरच्या निवळीसारखी.
पुनव-अवसेला सुकती लागली
की बाई आचऱ्याच्या खाडीत,
साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली,
चिखलावर लाकडी चौकट टाकून
आतल्या तिसऱ्या मोजायच्या. सोळा वर्षं.
सोबत इनास फर्नांडिस, प्रयोगशाळा परिचर,
"मॅडम, थंय नको, थंय पाय रुततलो."

सुकती काही कॉलेजची घंटा पाळत नाही.
म्हणून मी मांडत गेलो : अर्धी रजा.
पुन्हा पंधरा दिवसांनी : अर्धी रजा.
एकूण दोनशे अकरा.

मग विद्यापीठाचं परिपत्रक आलं.
यापुढे संख्या नव्हे, काम पाहिलं जाईल.
नवा अर्ज, गुणांचा तक्ता गायब,
आणि रकाना नऊ :
'आपल्या कामाने कुणाचं काय बदललं?
स्वतःच्या शब्दांत लिहा.'
खाली, जुनी खोड जाईना म्हणून : 'पुरावे जोडा.'

नाटेकर सरांनी एका रात्रीत तीन पानं लिहिली.
सुंदर लिहिली, खोटं कशाला बोलू.
बाईंचा अर्ज शेवटच्या दिवशी आला.
'खाडीतल्या बायका आता बारक्या तिसऱ्या
परत टाकतात. किती बारक्या, ते त्यांनीच ठरवलं,
मी फक्त आकडे वाचून दाखवले.
ह्या कामावर माझ्याआधी
इनास फर्नांडिस यांचं नाव लिहावं.'
परिचराचं नाव लिहायला अर्जात जागा नव्हती.
समासात लिहिलं होतं, उभं.

समिती आली. अध्यक्षांनी चष्मा पुसला.
"बाकी ठीक. पुरावा कुठाय?"
बाई गप्प. त्यांची वही खाऱ्या पाण्याने फुगलेली,
निम्मी शाई वाहून गेलेली.

मी उठलो. का उठलो, ठाऊक नाही.
रजेचं रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं.
वनस्पतिशास्त्राचा तरुण सदस्य
मोबाइलवर तिथ्या काढून ताडू लागला.
पुनव. अवस. पुनव. अवस.
दहाबारा पानं उलटून त्याने मोबाइल पालथा ठेवला.

बाईंनी काय केलं त्याची सोळा वर्षांची नोंद
ह्या इमारतीत एकाच माणसाने ठेवली होती,
आणि त्याने ती गैरहजेरी म्हणून ठेवली होती.

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले, "पण ह्याचे गुण किती?"
आणि अर्जावर तक्ता शोधत राहिले,
दात पडल्यावर जीभ जागा शोधते तसे.

निकाल अजून यायचाय.
चार महिन्यांनी मी निवृत्त होईन.
त्या संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी
पट्टी घेतली, लाल शाई घेतली,
आणि एकेका 'अर्धी रजा'वर रेघ मारून
बाजूला लिहीत गेलो : कर्तव्यावर.
असं करता येत नाही. मीच लोकांना तसं सांगत आलोय.

बाई दारात उभ्या. कधीपासून, कोण जाणे.
वाकून पानं पाहिली, बोट ठेवलं एका तारखेवर.
"ही नको, मोंडकर.
त्या दिवशी मला खरंच ताप होता."

ती एक तशीच ठेवली.